बंदराचा वरचा काठ

डोंगरावर वसलेलं बंदर बघायचं असेल तर धक्क्यापासून वर चालत जावं. बसनं आधी माथा गाठून मग रमतगमत खाली उतरणाऱ्याला देखावे छान दिसतात, फोटोही झकास येतात, पण ते गाव तिथं का उभं राहिलं आणि कुणाच्या जिवावर उभं राहिलं, ते काही कळत नाही. लिस्बन, जिनोआ, नेपल्स आणि माल्टातलं व्हॅलेटा ही बंदरं मी आप्पांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, खालून वर चढत पाहिली. तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत असते.

आप्पांचं सगळं आयुष्य बेळगावच्या रविवार पेठेत, आडतीच्या दुकानात गेलं. गूळ, मिरची, खोबरं, सुपारी. आता दुकान चुलतभाऊ बघतो, पण आप्पांची नजर आडत्याचीच राहिली आहे. कुठलीही वस्तू समोर आली की ती कुठून निघाली, वाटेत किती हात बदलले आणि हमाली कुणी भरली, हे त्यांच्या मनात आधी येतं. धाकट्या भावानं आम्हा दोघांची भूमध्य समुद्रातल्या क्रूझची तिकिटं काढली तेव्हा घरात काळजीचा सूर निघाला. तिथली गावं सगळी चढ-उताराची, आप्पांच्या गुडघ्यांचं काय? आप्पा म्हणाले, "सावकाश चढलं की सगळं चढतं." जहाजावर प्रत्येक बंदरासाठी बसच्या सहली विकत मिळतात. आम्ही एकही घेतली नाही. जहाज कधी सुटणार ते लिहून घ्यायचं, पाण्याची बाटली घ्यायची आणि शिडी उतरून चालू पडायचं, असं ठरवून टाकलं.

जहाज लिस्बनहून सुटणार होतं. तिथला क्रूझचा धक्का अल्फामा या जुन्या वस्तीच्या अगदी पायथ्याशी आहे. दारातून बाहेर पडलात, नदी डाव्या हाताला ठेवून थोडं चाललात की पहिल्यांदा एक जुना पाणवठा लागतो. त्याला राजाचं कारंजं म्हणतात, पण उडणाऱ्या पाण्याचा तिथं काही संबंध नाही. भिंतीत तोट्या, आणि त्याखाली घागरी भरायची जागा. शहरातला हा सर्वांत जुना सार्वजनिक पाणवठा मानतात. जहाजं लांबच्या सफरीवर निघताना इथूनच पाणी भरून घ्यायची.

१५५१ साली नगरपालिकेनं इथल्या सहा तोट्या माणसांमध्ये वाटून दिल्या. काळ्यांनी आणि गुलामांनी कुठल्या तोटीवर भरायचं, गोऱ्या पुरुषांनी कुठल्या, गोऱ्या बायकांनी कुठल्या, सगळं ठरवून दिलेलं. मी हे आप्पांना सांगितलं. ते त्या भिंतीकडं बराच वेळ बघत राहिले आणि मग एकच शब्द बोलले, "महाड."

मला अंगावर काटा आला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते महाडसुद्धा एके काळचं बंदरच. सावित्री नदीवरचं, घाटाच्या पायथ्याचं. बंदरात परकी माणसं येतात, परक्या भाषा येतात, माल कुणाच्याही डोक्यावरून उतरला तरी चालतो. प्यायच्या पाण्याशी आलं की मात्र तीच माणसं रांगा वेगळ्या करतात. लिस्बनमध्ये मी पुढं कितीतरी सुंदर गोष्टी पाहिल्या, निळ्या चित्रांच्या फरशा पाहिल्या, ट्राम पाहिल्या, पण त्या गावाचा विचार आला की आधी ती भिंत आठवते.

तिथून जरा पुढं एक घर आहे, ‘काझा दुश बिकुश’. दर्शनी भिंतीवर हिऱ्याच्या आकाराचे टोकदार दगड ओळीनं बसवलेले. १५२३ साली ते बांधलं ब्राश द अल्बुकर्कनं, म्हणजे १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा जिंकणाऱ्या अफोन्सु द अल्बुकर्कच्या मुलानं. बेळगावच्या माणसाला या घरासमोरून सरळ पुढं जाता येत नाही. आमच्याकडं शनिवार-रविवारी चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन येणं म्हणजे शेजारच्या गल्लीत जाऊन येण्यासारखं. त्या गोव्याचा पैसा आणि दिमाख इथं दगडात बसलेला बघून आप्पा म्हणाले, "बापानं मुलूख घेतला आणि पोरानं वाडा बांधला. आपल्याकडंबी असंच असतंय की."

१ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपानं, त्यामागून आलेल्या लाटांनी आणि आगीनं लिस्बनचा खालचा सपाट भाग धुळीला मिळवला. तो नंतर सरळ, काटकोनी रस्त्यांचा असा नव्यानं बांधला. अल्फामा टेकडीवरचं, ते बरंचसं टिकलं. म्हणून तिथल्या गल्ल्या अजून जुन्या वळणाच्या आहेत. रस्ता म्हणून शिरावं तर पुढं जिना निघतो, जिना म्हणून चढावं तर कुणाच्यातरी अंगणात पोचतो. दोन्हीकडच्या खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे. खालून वर पाणी नेणारे बहुतेक स्पेनच्या गालिसियातून पोटासाठी आलेले परप्रांतीय असत. मासळी नेणाऱ्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन, पुष्कळदा अनवाणी, याच जिन्यांवरून ओरडत फिरत. आज त्यांचे फोटो दुकानांच्या भिंतींवर आहेत. जिने तेच आहेत.

चढताना आप्पा सरळ चढत नव्हते. उजव्या भिंतीकडून डाव्या भिंतीकडं, तिथून परत उजवीकडं, असे तिरके. मी विचारलं, दुखतंय का ओ आप्पा? म्हणाले, "अगं, गाडीवान असंच चढवायचे. सरळ चढावर बैल घातला की त्याची छाती भरते. आजोबा सांगायचे माझे." मग मीही तिरकी चढायला लागले आणि खरोखरच धाप कमी झाली. पुढं प्रत्येक बंदरात आम्ही तसंच चढलो.

वर पोर्ताश दु सोल नावाचा सज्जासारखा चौक आहे. खाली लाल कौलं, कौलांच्या पलीकडं टेगस नदीचं समुद्राएवढं पात्र, आणि तिच्या काठाला आमचं जहाज. तिथं कठड्याला टेकून आप्पांनी जी गोष्ट सांगितली, तिच्यामुळं या सगळ्या प्रवासाकडं बघायची माझी दृष्टी बदलली.

"वेंगुर्ल्याचं आणि ह्याचं एकच आहे बघ," ते म्हणाले. "इथं चढ गावात आहे. वेंगुर्ल्याचा चढ गावाबाहेर, आंबोलीला. पण माल वर आल्याशिवाय बंदराला किंमत नाही. आपली पेठ म्हणजे वेंगुर्ल्याचा वरचा काठ."

बेळगावात जन्म गेला, पण आपल्या गावाला मी कधी बंदराच्या बाजूनं पाहिलं नव्हतं. आम्ही स्वतःला घाटावरचे म्हणतो. समुद्र म्हणजे गोवा, मालवण, सुट्टी. आणि तरी आमच्या गावात रामघाट रोड आहे, गोवावेस आहे. दोन्ही नावं समुद्राकडं तोंड करून उभी आहेत. रामघाट ही कोकणातून बेळगावकडं येणारी जुनी चढण. बैलांच्या पाठीवर मीठ, खोबरं, सुकी मासळी वर यायची आणि वरचा कापूस, गूळ, धान्य खाली जायचं. बेळगावात इंग्रजांची छावणी बसल्यावर तिचंही सामान वेंगुर्ल्यालाच उतरू लागलं. वेंगुर्ला १८१२ पासून त्यांच्या ताब्यात होतंच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोली-आंबोलीचा गाडीरस्ता चालू झाला तसा रामघाट मागं पडला. पुढं १८८८ मध्ये मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे आली आणि दूधसागरच्या अंगावरून माल लोंढा जंक्शनकडं चढू लागला. वेंगुर्ल्याचा धंदा बसला तो तेव्हापासून, असं आप्पांच्या घरात सांगत आले आहेत.

याच्याही मागं जा. १४७२ च्या सुमारास महमूद गवाननं गोवा बहमनी राज्यात आणला. ते बंदर परत घ्यायला विजयनगरच्या चिथावणीनं बेळगावचा राजा उठला, आणि त्यापायी बहमनी सुलतान स्वतः फौज घेऊन बेळगावच्या किल्ल्यावर चालून आला. किल्ल्याचा खंदक आजही आम्ही रोज बघतो. तो वेढा बेळगावासाठी कमी आणि गोव्यासाठी जास्त होता. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करायला निघालेल्या सैन्याची जमवाजमव पुन्हा बेळगावातच झाली. आप्पा तेव्हा शाळेत होते. रात्रभर लष्करी गाड्यांची घरघर चालायची, असं ते सांगतात. साडेचारशेहून जास्त वर्षांचं अंतर, पण कारण तेच. खालच्या काठाचं जे होईल ते वरच्या काठाला चुकत नाही.

जिनोआनं मात्र मला वेड लावलं. या शहराला सपाट जमीन जवळजवळ नाहीच. पुढं समुद्र, पाठीशी लगेच डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत शेकडो वर्षांचा व्यापार दाटीवाटीनं बसलेला. धक्क्यावरून शहराकडं निघालं की लगेच ‘कोम्मेन्दा दी प्रे’ ही ११८० साली सुरू झालेली दगडी धर्मशाळा लागते. जेरुसलेमच्या वाटेवरचे यात्रेकरू इथं उतरायचे आणि सेंट जॉनच्या पंथाचे सरदार त्यांची सोय बघायचे. त्याच पंथाचं गाव आम्हाला पुढं माल्टात भेटणार होतं.

मग सोत्तोरीपा. बंदरासमोर लांबच लांब कमानींची ओसरी, बाराव्या शतकापासूनची. पूर्वी पाणी या कमानींच्या पायांशी होतं. नावेतून माल उचलला की थेट दुकानात. आता मध्ये रस्ता आला आहे, आणि डोक्यावरून १९६५ सालचा उंच पूल गेला आहे. या पुलानं जिनोआचं मोठं नुकसान केलं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. १२६० सालचा पालाझ्झो सान जॉर्जो, ज्यात पुढं १४०७ मध्ये सुरू झालेली सान जॉर्जो बँक नांदली, तो रंगीत वाडा बंदराकडं बघत उभा आहे आणि त्याच्या नजरेसमोरून मोटारी धावताहेत. ज्या शहराचं सगळं वैभव समुद्रातून आलं, त्यानं स्वतःच समुद्रावर पडदा टाकावा, हे बघवत नाही.

ओसरीतल्या एका दुकानात फरिनाता खाल्लं. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, एवढंच. ते मोठ्या, उथळ, गोल परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत सरकवतात. वरचा पापुद्रा करपायच्या बेतात आला की बाहेर काढतात आणि सुरीनं वेडेवाकडे तुकडे करून कागदावर देतात. कडा कुरकुरीत, आत मऊ, वरून मिरपूड. आप्पांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "कांदा, मिरची, कोथिंबीर घातली असती तर तुझ्या आईचं बेसनाचं धिरडंच." दुसरा कागदही त्यांनी संपवला. आई जाऊन काही वर्षं झाली. तिचं नाव असं अचानक एखाद्या परक्या भट्टीपाशी निघालं की आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोलत नाही.

ओसरीच्या मागं गल्ल्यांचं जाळं सुरू होतं. काही गल्ल्या इतक्या अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात, आणि घरं सहा-सहा, सात-सात मजले उंच. खाली ऊन कसं ते पोचतच नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर भिंतीत देवळ्या आहेत. मेरी मातेची मूर्ती, पुढं दिवा. रात्री या दिव्यांचाच काय तो उजेड असायचा. आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या गल्ल्यांच्या तोंडाशी मारुतीपुढं दिवा लावतात तेव्हा आजही जाणारा-येणारा क्षणभर थांबून हात जोडतो. जिनोआत एक म्हातारी तशीच थांबली, दोन बोटं ओठांना लावून मूर्तीकडं नेली आणि पिशवी सावरत चालू लागली. आप्पांनीही हात जोडले.

त्या अंधाऱ्या गल्ल्यांतून चढत एकदम ‘व्हिया गारिबाल्दी’ला निघालं की डोळे दिपतात. सोळाव्या शतकाच्या मध्याला जिनोआच्या धनिकांनी बंदराच्या गजबजाटापासून वर येऊन हा रस्ता आखला आणि दोन्ही बाजूंना वाडे उठवले. राज्याचे पाहुणे आले की त्यांना कुणाच्या वाड्यात उतरवायचं याच्या अधिकृत याद्या १५७६ पासून ठेवल्या गेल्या. ज्याचा वाडा जेवढा मोठा, तेवढा मोठा पाहुणा त्याच्या वाट्याला. यांपैकी बरेच वाडे २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. उतारावर बांधलेले असल्यामुळं आत गेलं की आधी चौक, मग जिना, मग त्याच्यावर आणखी एक चौक, आणि सर्वांत वर मागची बाग. आप्पा एका चौकात उभे राहून म्हणाले, "माल खाली, मालक वर. रविवार पेठेत दुकान आणि टिळकवाडीत बंगला, तसंच."

पण मला सगळ्यांत जास्त भावल्या त्या ‘क्रोझा’. दोन उंच भिंतींमधून डोंगरावर जाणाऱ्या या पाऊलवाटा वाकून बघण्यासारख्या आहेत. मधोमध विटा उभ्या बसवून केलेली पट्टी, आणि दोन्हीकडं समुद्रकाठचे गोल गोटे. गोट्यांवर पाय सरकतो, विटांवर बसतो. माणूस आणि खेचर दोघांनाही ओझं घेऊन मधल्या पट्टीवरून नीट चढता यावं म्हणून ही रचना. आप्पा खाली बसले, विटेवरून हात फिरवला. विटांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. भिंतींवरून लिंबाच्या फांद्या बाहेर आलेल्या, कुठंतरी कुत्रं भुंकत होतं, आणि त्या वाटेवर आमच्याशिवाय एकही प्रवासी नव्हता. जहाजावरची हजारो माणसं खाली मत्स्यालयासमोर रांगेत असतील.

वरच्या कास्तेलेत्तो भागातल्या गच्चीवरून काळ्या पाटीच्या दगडाची छपरं दिसतात. आमच्या खानापूरकडं मंगलोरी कौलं, तिकडं डोंगरातून काढलेल्या दगडाच्या पातळ फरश्या. पलीकडं १५४३ पासून उभं असलेलं ‘लान्तेर्ना’ दीपगृह, ७७ मीटर उंच. उतरताना १९०९ सालच्या लिफ्टनं आलो. या शहरात लिफ्ट आणि दोरावर चालणाऱ्या गाड्या सार्वजनिक वाहतुकीचा भाग आहेत, शहरातल्या बससारख्या. चढाचा त्रास सगळ्यांना आहे, म्हणून त्याची सोयही सगळ्यांसाठी आहे, हा विचार मला फार आवडला.

नेपल्सबद्दल थोडंच सांगते. स्पॅनिश मोहल्ल्यातून वर व्होमेरोच्या टेकडीपर्यंत जायला ‘पेदामेंतिना’ म्हणून ४१४ पायऱ्यांची वाट आहे, चौदाव्या शतकातली, वरचा मठ बांधताना सामान नेण्यासाठी केलेली. आप्पांनी निम्मी चढून बैठक मारली आणि समोरच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीकडं बघत मराठा पलटणीची आठवण काढली. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून आहे. पहाटेची बिगुलं ऐकत आम्ही वाढलो. १९४३ च्या सप्टेंबरात आठवी भारतीय डिव्हिजन इटलीच्या तारांतो बंदरात उतरली, तिच्यात आमची पलटण होती. १० जुलै १९४४ ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे पडले, ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीकाठी शिपाई नामदेव जाधव लढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर-कोकणाकडची ती शेतकऱ्यांची पोरं. बंदरातून वर चढायला आमच्यासारखी सवड त्यांना नव्हती. प्रत्येक टेकडीवर समोर मशीनगन होती. उरलेल्या पायऱ्या चढायच्या आधी आप्पांनी टोपी काढून हातात घेतली.

या जहाजांबद्दलही मोकळेपणानं बोललं पाहिजे. एका वेळी तीन-चार हजार माणसं जुन्या गावात सोडली की गल्ल्या गुदमरतात, गावच्या लोकांना स्वतःच्या दारातून निघता येत नाही. व्हेनिसनं ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना शहरापुढच्या कालव्यातून जायला बंदी केली, ते योग्यच झालं. चालणाऱ्यानं निदान एवढं करावं: मुख्य रस्ता सोडून वरच्या वाटा धराव्यात, गावातल्या दुकानात खावं, लोकांच्या खिडक्यांत कॅमेरा घालू नये. गोव्यात फोंतान्यशमधल्या रहिवाशांनी फोटोवाल्यांना कंटाळून लावलेल्या पाट्या मी वाचल्या आहेत. अल्फामातल्या आजीबाईंचीही तीच कळकळ असणार.

व्हॅलेटा हे या सगळ्यांत वेगळं, कारण ते हळूहळू वाढलेलं नाही. एका निश्चयानं बांधलेलं आहे. १५६५ मध्ये तुर्की आरमारानं माल्टाला वेढा दिला. सेंट जॉनच्या सरदारांनी आणि बेटावरच्या लोकांनी तो परतवला, आणि दुसऱ्याच वर्षी, १५६६ मध्ये, त्यांचा प्रमुख ला व्हॅलेट यानं बंदराच्या तोंडावरच्या उघड्या खडकाळ धारेवर नव्या शहराची पायाभरणी केली. रस्ते सरळ रेषेत आखले, डोंगराची पर्वा न करता. त्यामुळं रस्ता जिथं उताराला भिडतो तिथं त्याच्या पायऱ्या होतात. मधासारख्या रंगाचा दगड, आणि त्यावर हिरव्या, लाल, निळ्या लाकडी बंद गॅलऱ्या.

जहाज लागतं तिथं १७५२ च्या जुन्या वखारी आहेत. आता तिथं उपाहारगृहं आहेत. दारांना वेगवेगळे रंग दिलेत. कुठल्या वखारीत मासळी, कुठल्या भाजी, कुठल्या गहू, कुठल्या दारू, ते रंगावरून समजावं म्हणून, असं सांगतात. आप्पा त्या दारांपुढून दोनदा चालले. मग आम्ही व्हिक्टोरिया गेटमधून आत शिरलो आणि पायऱ्या धरल्या. रुंद, बुटक्या पायऱ्या, मध्ये झिजलेल्या. शहर बांधतानाच नियम होता की प्रत्येक घरानं खडकात पाण्याचं टाकं खोदलंच पाहिजे, कारण बेटावर नदी नाही आणि वेढा पुन्हा पडू शकतो. बेळगावच्या जुन्या घरांतही परसात आड असायचा. आमच्या शहापुरातल्या घराचा आड बुजवू नये म्हणून आप्पा भावकीशी भांडले होते आणि त्यांनी तो राखला. नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही तेव्हा गल्ली त्याच आडावर येते. त्यामुळं व्हॅलेटाच्या त्या नियमाचं कौतुक त्यांनी दिवसभर केलं.

वर अप्पर बराक्काच्या बागेत बारा वाजता तोफ उडाली. समोर ग्रँड हार्बरचं निळं पाणी, पलीकडं बिर्गू आणि सेंग्लिया. आप्पा म्हणाले, "आता घरी गेल्यावर वेंगुर्ल्याला जायचं. चालत."

आणि आम्ही गेलो. पाऊस सरल्यावर, गाडी घेऊन. हिंडलगा, सुळगा, बाची. शिनोळीला राज्य बदलतं, पाट्यांवरची अक्षरं बदलतात, शेतं तीच राहतात. आंबोलीला गाडी ड्रायव्हरकडं देऊन पहाटे घाटातला थोडा उतार पायी उतरलो. एका बाजूला ओला कातळ, दुसऱ्या बाजूला धुक्यानं भरलेली दरी, आणि खालून पहिल्या गेअरमध्ये रडत चढणारे ट्रक. मग वेंगुर्ल्याच्या बंदरापासून दीपगृहाच्या टेकडीवर तिरके चढलो. गावातली डच वखार पाहिली. सतराव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवून डचांनी इथं ठाण मांडलं होतं. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, कमानी, आणि त्यांत माजलेली झाडं. मुळं भिंती फोडताहेत. व्हॅलेटाच्या रंगीत दारांनंतर हे बघताना माझा जीव तुटला. ही वखार वाचवायला हवी, आणि ती वाचवायची जबाबदारी एकट्या वेंगुर्लेकरांची नाही. तिच्यात उतरलेला माल जिथं जिथं चढला त्या प्रत्येक पेठेची आहे, आमच्या पेठेची तर आहेच.

दुपारी बंदरावर मासे लिलावाला लागले होते. आप्पा एका पाटीपाशी उकिडवे बसले, बांगड्याचा कल्ला उघडून बघितला आणि भाव विचारला. मासेवालीनं सांगितला. आप्पा म्हणाले, "आमच्या बेळगावात कॅम्पच्या बाजारात काय भावानं जातो ठाऊक आहे काय बाई?"

"बेळगावाक सकाळीच टेंपो गेलो," ती म्हणाली. "थंयच मिळलो असतो तुमका. हय कित्याक इलात?"

आप्पांनी लगेच टेंपोचं भाडं किती, बर्फ कुठला, आंबोली चढायला वेळ किती लागतो आणि वर माल उतरवून कोण घेतं, ते विचारायला सुरुवात केली. ती एकेक सांगत गेली. मी पिशवी उघडून धरली.